इंजिनाचा निःश्वास

मोटारीचे इंजिन आत काय घेते, याची चौकशी सारेच करतात. पेट्रोल किती लागते, हा प्रश्न तर गाडी विकत घेण्यापूर्वीच विचारला जातो. ते बाहेर काय टाकते आणि कसे टाकते, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. श्वास घ्यायचा, पण सोडायचा नाही, असे एखाद्याने ठरविले तर त्याची जी अवस्था होईल, तीच इंजिनाचीही होते. जळका वायू पुरता बाहेर पडला नाही, तर ताज्या हवेला आत जागा उरत नाही. हवा कमी म्हणजे ज्वलन कमी, आणि ज्वलन कमी म्हणजे बळ कमी.

हा निःश्वास मोकळा व्हावा, म्हणून हौशी मोटारवाले इंजिनाला जोडलेली मूळची धुराची नळी काढून तिच्या जागी ‘हेडर’ नावाचा पोलादी नळ्यांचा जुडगा बसवितात. त्याचे मर्म समजून घेण्यास ब्रिटनमधील ‘मिनी’ या चिमुकल्या गाडीचे उदाहरण फार सोयीचे आहे.

१९५६ साली सुएझ कालव्याचा पेचप्रसंग उद्भवला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली. थोड्या पेट्रोलवर चालणारी, लहान, तरी चार माणसे सामावणारी गाडी हवी, असे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ठरविले व ते काम अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याकडे सोपविले. त्याची मिनी १९५९च्या ऑगस्ट महिन्यात लोकांसमोर आली. लांबी अवघी १० फूट. इंजिन ८४८ घन सेंटिमीटरचे, आणि त्याचे बळ ३४ अश्वशक्तीचे. जागा वाचावी म्हणून इसिगोनिसने ते इंजिन आडवे बसविले होते. याच गाडीच्या अधिक बलवान भावंडांनी १९६४, १९६५ व १९६७ साली माँटे कार्लोची अवघड शर्यत जिंकून मोठमोठ्या गाड्यांना मान खाली घालावयास लावली. २००० साली तिचे उत्पादन थांबले, तोवर ५० लाखांहून अधिक मिनी रस्त्यावर आल्या होत्या.

मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात व प्रत्येकात एक पिस्टन खालीवर होत असतो. एका धावेत तो हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढतो. दुसऱ्या धावेत ते दाबतो. तिसऱ्या धावेत ठिणगीने पेटलेला वायू त्याला खाली ढकलतो. आणि चौथ्या धावेत तो जळका वायू झडपेतून बाहेर लोटतो. या चार धावांत इंजिनाचा दांडा दोन फेरे फिरतो. मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदास २५ वेळा आणि चारही मिळून १०० वेळा वायू बाहेर टाकतात. म्हणजे नळीतून पाण्याच्या धारेसारखा अखंड प्रवाह वाहत नाही. एकामागून एक फुत्कार धावत असतात.

हे फुत्कार कोणत्या क्रमाने निघतात, यात सारी मेख आहे. मिनीत तो क्रम पहिला, तिसरा, चौथा आणि दुसरा असा असतो. दोन फुत्कारांमध्ये अंतर अर्ध्या फेऱ्याचे. पण जळक्या वायूची झडप अर्ध्या फेऱ्याहून अधिक काळ उघडी राहते. त्यामुळे पहिल्या सिलिंडरातील उरलासुरला वायू बाहेर निघत असतो न असतो, तोच तिसऱ्याची झडप उघडते आणि तिच्यातून जोराचा लोट सुटतो. दोघांच्या वाटा जवळच एकत्र होत असतील, तर तो लोट पहिल्याच्या दारात शिरतो व निघणाऱ्यास मागे रेटतो. शाळा सुटल्यावर एका वर्गाची शेवटची मुले जिन्याच्या तोंडाशी असतानाच दुसरा वर्ग धावत आला, म्हणजे जी गत होते, तीच ही.

मिनीची मूळची नळी बिडाची, ओतीव आणि आखूड. तिच्या तीन वाटा थोड्याच अंतरावर एक होतात. वाटा चार नसून तीन, कारण इंजिनातच दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांना बाहेर पडण्यासाठी एकच दार ठेवलेले आहे. पण बिडाच्या नळीला नावे ठेवण्याचे कारण नाही. ती स्वस्त असते, वर्षानुवर्षे टिकते आणि आवाज दाबून धरते. रोज बाजारहाट करणाऱ्या गाडीला याहून अधिक काय हवे?

हेडर करणाऱ्या कारागिरांनी या तीन वाटांची मांडणी निराळी केली. पहिला आणि चौथा सिलिंडर यांच्या फुत्कारांत पुऱ्या एका फेऱ्याचे अंतर असते. म्हणून त्या दोघांच्या नळ्या आधी एकत्र आणल्या तरी ते एकमेकांच्या आड येत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्यांचेही तसेच. त्यांच्या समाईक दारातून एक स्वतंत्र नळी लांबवर खाली नेली आणि तेथे तिची पहिल्या जोडीशी गाठ घालून दिली. या लांब मधल्या फाट्यावरूनच या हेडरला ‘लाँग सेंटर ब्रँच’ असे नाव पडले.

यात आणखी एक गंमत आहे. आगगाडी स्थानकातून भरधाव निघून गेली, की रुळांलगतचा पाचोळा तिच्यामागे ओढला जातो. नळीतून धावणारा फुत्कारही असाच आपल्यामागे वायूचा दाब कमी करीत जातो. ही ओढ नेमक्या क्षणी झडपेशी पोचली, तर सिलिंडरात रेंगाळलेला वायू खेचला जातो आणि ताजे मिश्रण अधिक भरते. मात्र नेमका क्षण साधणे हे झोपाळ्याला झोका देण्यासारखे आहे. वेळ चुकली की झोका वाढण्याऐवजी मोडतो. नळीची लांबी ठरावीक असते, इंजिनाची गती मात्र सारखी बदलते. त्यामुळे लांब व अरुंद नळ्या मध्यम गतीला मानवतात, तर आखूड व रुंद नळ्या फार मोठ्या गतीला. दोन्हीकडे सारखाच लाभ देणारी नळी अजून कोणी केलेली नाही.

साध्या गाडीत हेडरने पडणारी भर थोड्याच अश्वशक्तींची असते. शिवाय हवा अधिक जाऊ लागली, की पेट्रोलही त्या मानाने वाढवावे लागते; मिनीत त्यासाठी कार्ब्युरेटरमधील सुई बदलतात. ते केले नाही, तर मिश्रण पातळ होऊन झडपा जळण्याची भीती असते. आवाज वाढला म्हणजे शक्ती वाढली, हा समज तर निव्वळ भाबडा होय.

कायद्याचेही बंधन आहे. धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचे उपकरण भारतात १९९५ पासून प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचे झाले. हेडर बसविण्याच्या नादात ते काढून टाकणे म्हणजे आपल्या गाडीची घाण शेजाऱ्याच्या छातीत भरणे. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करता येत नाही.

ज्या जुन्या मिनीत हेडर बसवावयाचे, तिच्या नळ्या इंजिनाच्या मागे, इंजिन आणि बैठकीपुढची पत्र्याची भिंत यांच्यामधील अरुंद फटीत असतात. इंजिन पुरते निवले, बॅटरीची तार सोडली आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम टेकूंवर उभी केली, की कामास हात घालावयाचा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल सोडलेले बरे. घाईने पाना फिरविला, तर खिळ्यासारखा रुतलेला स्टड मुळाशी तुटतो व एका तासाचे काम दोन दिवसांवर जाते. कार्ब्युरेटर आणि जुनी नळी उतरविल्यावर जुन्या गॅसकेटचा कणही राहणार नाही, इतका पृष्ठभाग स्वच्छ करावा लागतो. मिनीत हवा आत नेणारी आणि धूर बाहेर नेणारी अशा दोन्ही नळ्यांच्या कडा एकाच जाड वॉशरखाली दाबल्या जातात. नव्या हेडरची कड शेजारच्या कडेहून पातळ असेल, तर जाड कड आवळली जाते आणि पातळ कड सैलच राहते. म्हणून कुशल कारागीर दोन्ही कडांची जाडी आधी मोजतो. नट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे करीत आवळतात.

या सैल सांध्याची धास्ती उगीच नव्हे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पण बंद जागेत तो माणसाचा प्राण घेतो. सांधा फटीत फुटला, तर हा वायू भिंतीतील एखाद्या भोकावाटे बैठकीच्या जागेत शिरू शकतो. त्यामुळे गाडी उघड्या अंगणात आणून इंजिन थंड असतानाच सुरू करतात आणि मागच्या नळीच्या तोंडावर क्षणभर कापडाचा बोळा दाबून धरतात. कोठे गळती असेल, तर सांध्याशी सूं सूं असा आवाज येतो. काही दिवसांनी तेथे काजळीचा काळा डागही उमटतो.

आडवे बसविलेले इंजिन दर वेळी वेग वाढविताना मागेपुढे डुलते आणि नळ्यांना हिसके बसतात. हे डुलणे आवरणाऱ्या दांड्याचे रबर झिजलेले असेल, तर तेही त्याच वेळी बदलतात. नाहीतर नवे हेडर थोड्याच दिवसांत तडकते. पहिल्या फेरफटक्यात नळ्या तापून प्रसरण पावतात, निवताना आकसतात आणि गॅसकेट आणखी दबते. गाडी रात्रभर निवू दिल्यावर सकाळी सारे नट पुन्हा एकदा आवळून पाहिले जातात.