नाकतोड्यांचें स्वयंवर

मौन ही संमति समजण्याची आपली रूढि. जर्मनीच्या कुरणांतील एका जातीच्या नाकतोड्यांत मात्र मौन हाच नकार होय. नर मागचे दोन्ही पाय पंखांवर घांसून गातो. पायांची गति किंचित् मागेंपुढें असल्यानें एकाच्या नादांतील खंड दुसऱ्याच्या नादानें भरून निघतो. गाणें पसंत पडल्यास मादी स्वतः गाऊन उत्तर देते व नर तिच्याकडे वळतो. डागमार फॉन हेल्वर्सन या विदुषीनें १९७२ सालीं कृत्रिम गाणीं ऐकवून मादीची ही पारख दाखविली. सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांचा खंडही तिला खुपतो. शत्रूच्या तावडींतून सुटतांना नराचा एक पाय तुटला, तर तो पुन्हां उगवत नाहीं. गाण्यांत खंड पडतात; मादी बहुधा गप्प राहते. प्राण वांचतो, संसार हुकतो.