हात वर करणारी चिप

श्रोतेहो, वर्गात गुरुजी फळ्यावर उदाहरण सोडवीत असता एखादा मुलगा हात वर करतो. गुरुजी खूण करून थांबतात, त्याचे ऐकतात आणि थांबले तेथून पुढे चालू लागतात. संगणकातही हीच रीत आहे. तिला ‘इंटरप्ट’, अर्थात व्यत्यय-संकेत, म्हणतात. प्रोसेसरने क्षणोक्षणी प्रत्येक भागाची विचारपूस करीत बसावे, तर त्याचे मुख्य काम खोळंबेल. म्हणून तापमान, विजेचा दाब, पंख्याची गती यांवर पहारा ठेवण्यास एक चिमुकली चिप नेमलेली असते.

एलएम ७५ ही अशीच एक चिप. वीज सुरू होताच तिची वरची मर्यादा ८० अंश सेल्सिअस व खालची ७५ अंश असते. मर्यादा दोन का? एकच असती, तर पारा तिच्याभोवती घुटमळताच संकेतांचा भडिमार झाला असता. शिवाय एखादे चुकीचे माप फसवू नये, म्हणून लागोपाठ दोन, चार किंवा सहा मापे मर्यादेबाहेर गेल्यावरच ओरड करावी, असेही तिला सांगून ठेवता येते.

व्यत्यय-पद्धतीत प्रोसेसरने तिची नोंद वाचली की संकेत थांबतो. मात्र येथेच खरी मेख आहे. संकेत थांबला, उष्णता थांबली नाही! पारा ७५च्या खाली येईपर्यंत ती चिप पुन्हा बोलत नाही. पंखा वाढविणे, काम मंदावणे किंवा यंत्र बंद करणे ही जबाबदारी ऐकणाऱ्याची असते. काही चिपांत तर संकेत मुळातच झाकून ठेवण्याची सोय असते.

भोपाळकरांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. तेथे पहारा मापकांचा व माणसांचा होता. टाकी थंड ठेवणारे यंत्र काही महिने बंदच होते. त्यामुळे ११ अंशांवर बांधलेली तापमानाची सूचना निरर्थक झाली होती. रात्री सव्वादहाच्या सुमारास दर चौरस इंचास २ पौंड असलेला दाब अकरा वाजता १० झाला. २ ते २५ पौंड हा नेहमीचाच दाब मानला जाई. म्हणून कोणी दचकले नाही. केवळ मर्यादा पाहणारी चिपही तेव्हा गप्पच बसली असती! पाऊण तासात दाब पाचपट झाला, ही वाढच खरी सूचना होती. मध्यरात्रीनंतर काटा ५५च्या पलीकडे गेला. वायू सुटल्यावर नगरासाठी वाजविलेला भोंगा काही मिनिटांतच बंद करण्यात आला. आतला तेवढा चालू राहिला. झोपलेल्या वस्त्यांपुरता संकेत झाकला गेला, आणि हजारो माणसे प्राणास मुकली.

तेव्हा श्रोतेहो, संकेत देणे हे यंत्राचे अर्धेच काम होय. मर्यादा कोणी ठरविली, संकेत कोणी झाकला आणि तो ऐकून कोण उठले, हे प्रश्न माणसालाच विचारावे लागतात.