स्वयंभू स्वर : तारेच्या संनादींचे विवेचन

तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळात संबळ व झांज यांच्या जोडीला तुणतुणे असते. त्याला तार एकच. ती निरनिराळ्या ठिकाणी दाबून स्वर बदलण्याची पद्धत त्यात नाही. धाराशिव जिल्ह्यातील श्रोत्यांच्या नित्य परिचयाची ही तार साहजिकच ‘एका स्वराची’ समजली जाते. ही समजूत व्यवहारापुरती ठीक असली, तरी नादशास्त्राच्या दृष्टीने अपुरी आहे.

ताणलेली तार छेडली असता ती सबंध लांबीने कंप पावते, आणि त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच अशा समान भागांनीही कंप पावते. पहिल्या कंपनाचा मूलस्वर, इतरांचे संनादी. मूलस्वरात मिसळून गेल्यामुळे ते कानास पृथक् जाणवत नाहीत.

ते वेगळे ऐकण्याची सोय बास गिटारवर उत्तम आहे. तिची ‘ए’ स्वराची तार सेकंदास ५५ कंपने करते. बाराव्या पट्टीच्या नेमके वर, म्हणजे तारेच्या मध्यावर, बोट न दाबता नुसते टेकवावे, तार छेडावी व बोट लगेच उचलावे. ११० कंपनांचा वरचा षड्ज ऐकू येतो. सातव्या पट्टीवर १६५ कंपनांचा पंचम मिळतो, पाचवीवर २२० कंपनांचा षड्ज. गांधार मात्र चौथ्या पट्टीवर नसून किंचित खुंट्यांच्या बाजूस सापडतो. ८६४ मिलिमीटर लांबीच्या तारेचा पाचवा भाग सुमारे १७३ मिलिमीटरवर येतो, चौथी पट्टी सुमारे १७८ वर. पट्ट्या समविभागी स्वरसप्तकाच्या हिशेबाने बसविलेल्या असतात. तारेचा २७५ कंपनांचा गांधार त्या सप्तकातील गांधाराहून सुमारे १४ सेंट उतरता आहे. जाको पॅस्टोरियस याने १९७६ साली ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ ही रचना मुख्यतः अशा संनादींवरच उभी केली.

येथे बोटाचे कार्य नीट ध्यानात घ्यावयास हवे. एक-तृतीयांश अंतरावर टेकलेले बोट नवा स्वर निर्माण करीत नाही. त्या बिंदूला हलविणारी कंपने तेवढी थांबतात. ज्यांचा तो निस्पंद बिंदू असतो ती टिकतात. मराठीतील ‘स्वर काढणे’ हा प्रयोग या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो : जे आत आहे तेच बाहेर काढले जाते.

तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणाऱ्या गांधारास आपले गायक ‘स्वयंभू’ म्हणतात. न घडविता प्रकटलेल्या मूर्तीस लावले जाणारे हे विशेषण येथे यथार्थ आहे. पण स्वयंभू म्हणजे निष्कारण नव्हे. ज्या बिंदूवर तार छेडावी तेथे निस्पंद असणारे संनादी उमटू नयेत, असा नियम होता. तंबोरा व वीणा यांत ते उमटतात आणि त्याचे कारण घोडीचा वक्र माथा होय, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखविले. जवारीचे सारे कसब त्याच माथ्याशी निगडित आहे.

म्हणून ‘संनादी’ आणि ‘स्वयंभू स्वर’ या संज्ञांपैकी एक टाकून दुसरी घेण्याचे कारण नाही. पहिली स्वरांचे मूलस्वराशी असलेले नाते सांगते, दुसरी त्यांचा श्रोत्यास येणारा प्रत्यय. अध्यापनात दोन्ही ठेवल्या, तर गोंधळातली ती एकच तार विद्यार्थ्यास निराळी ऐकू येईल.