आधी फ्यूज, मग फोकस

बाइकला जादा दिवे लावण्याआधी एक हिशेब करा: वॅटला १२ ने भागलं की अँपिअर मिळतात. २० वॅटचे दोन एलईडी दिवे सव्वातीन अँपिअरच्या आसपास घेतात. त्यांना ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. ५५ वॅटचे दोन हॅलोजन मात्र ९ अँपिअरच्या वर जातात. छोट्या बाइकच्या चार्जिंगला हा भार जड, आयडलिंगला तर फारच.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलजवळच हवा. तो दिव्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. हँडलवरच्या स्विचमधून सगळा करंट नेऊ नका, रिले घाला. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला फ्यूजमार्गे बॅटरी, ८७ ला दिवा. ८५-८६ मधून स्विचचा किरकोळ करंट जातो. हा करंट इग्निशननंतरच्या वायरमधून घ्या, म्हणजे चावी काढली की दिवे बंद.

मूळ हार्नेस सोलून, वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणारा कारागीर दिसला, तर गाडी खुशाल दुसरीकडे न्या. वायरी जोडायचे कपलर महाग नसतात. आणि दिव्यांसोबत हॉर्नही बदलणार असाल, तर निरनिराळ्या सुरांत वाजणाऱ्या हॉर्नला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११९ नुसार मनाई आहे, वायरिंग कितीही चोख असलं तरी.