हौशी मुष्टियोद्ध्याची कमाई



मे महिन्याच्या सुट्टीत मी मुलुंडला आत्याकडे गेलो होतो. माझा आतेभाऊ नववीत आहे. मी त्याला दादा म्हणतो. दादा रोज संध्याकाळी बॉक्सिंग शिकायला जातो. बॉक्सिंगला मराठीत मुष्टियुद्ध म्हणतात. मुष्टी म्हणजे मूठ. एक दिवस मीही त्याच्याबरोबर गेलो. मला वाटलं होतं, तिथे नुसती मारामारी चालत असेल. पण सगळी मुलं आधी अर्धा तास दोरीच्या उड्याच मारत होती! मग त्यांनी हाताला लांबलचक पट्टी गुंडाळली, वर जाडे हातमोजे घातले आणि टांगलेल्या पोत्यावर ठोसे मारायला लागली. घामाने नुसती न्हाऊन निघाली.

गावी आल्यावर मी घरी सांगितलं, "मी पण मुष्टियोद्धा होणार." तर बाबा म्हणाले, "खेळून पोट भरतं का रे?" मला काही उत्तर देता आलं नाही. म्हणून मी दादाला आणि गुरुजींना विचारून ही माहिती गोळा केली आहे.

हा खेळ कसा असतो?

खेळायच्या जागेला रिंग म्हणतात. रिंग म्हणजे गोल, पण ही असते चौकोनी! चारी बाजूंनी दोर बांधलेले असतात. दोन्ही गडी सारख्या वजनाच्या गटातले लागतात. म्हणजे जाड्याने रोडक्याला मारायचं, असं चालत नाही. ठोसा समोरून किंवा बाजूने, आणि कमरेच्या वर मारायचा. डोक्याच्या मागे मारला तर ती चूक धरतात. गडी खाली पडला तर पंच दहापर्यंत आकडे मोजतात. तेवढ्यात तो उठून तयार झाला नाही, तर हरला. तीन मिनिटं झाली की एक फेरी संपते. मग एक मिनिट विश्रांती मिळते.

हौशी आणि व्यावसायिक म्हणजे काय?

मुष्टियोद्धे दोन प्रकारचे असतात. एक हौशी आणि दुसरे व्यावसायिक. हौशी म्हणजे कच्चा, असं मला वाटायचं. पण तसं नाही. ऑलिंपिकचं पदक मिळवणारेसुद्धा हौशीच म्हणवले जात. हौशी मुष्टियोद्धा आपल्या शाळेसाठी, पलटणीसाठी, देशासाठी लढतो. त्याची लढत बहुतेक तीन फेऱ्यांची असते. व्यावसायिक मुष्टियोद्ध्याला मात्र प्रत्येक लढतीचे पैसे ठरवून मिळतात. तेच त्याचं पोट. त्याच्या मोठ्या लढती बारा फेऱ्यांच्या असतात. पूर्वी तर पंधरा फेऱ्या असत.

पुष्कळ जण आधी हौशी असतात आणि मग व्यावसायिक होतात. आफ्रिका खंडात घाना नावाचा देश आहे. तिथल्या अझुमा नेल्सन यांनी १९७८ साली कॅनडातल्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. दुसऱ्याच वर्षी ते व्यावसायिक झाले. १९८२ साली त्यांची गाठ मेक्सिकोच्या जगज्जेत्या साल्वादोर सांचेझशी पडली. चौदा फेऱ्या ते टिकले आणि पंधराव्या फेरीत हरले. पण त्यांनी खेळ सोडला नाही. १९८४ साली विल्फ्रेदो गोमेझला अकराव्या फेरीत पाडून ते स्वतः जगज्जेते झाले. लोक त्यांना प्रोफेसर म्हणत, कारण ते समोरच्याला जणू धडा शिकवत!

आपल्या देशाच्या विजेंदर सिंग यांनी २००८ साली ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. मुष्टियुद्धातलं ते भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. २०१५ साली ते व्यावसायिक झाले. २०१७ साली मुंबईत वरळीला त्यांनी चीनच्या मुष्टियोद्ध्याला दहा फेऱ्यांच्या लढतीत हरवलं.

म्हणजे काहींचं पोट खेळाने भरतं. पण मला सगळ्यात जास्त आवडले ते आपल्या महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर. ते व्यावसायिक कधी झालेच नाहीत.

मुरलीकांत पेटकर

पेटकर सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या पेठ गावचे. आपल्यासारखेच खेड्यातले. ते लष्करात गेले आणि तिथे मुष्टियुद्ध शिकले. पगार शिपाईगिरीचा, मुष्टियुद्ध हौशी. १९६४ साली जपानमध्ये टोकियोला अनेक देशांच्या सैनिकांच्या स्पर्धा झाल्या. तिथे त्यांनी मुष्टियुद्धात पदक मिळवलं.

पुढच्याच वर्षी, १९६५ साली, भारत आणि पाकिस्तान यांचं युद्ध झालं. त्यात पेटकरांना पुष्कळ गोळ्या लागल्या. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग लुळं पडलं. मुष्टियुद्धात पाय फार लागतात. दादा म्हणतो, "ठोसा हातातून नाही, पायातून निघतो." म्हणजे पेटकरांचा खेळ संपलाच की!

मुंबईत कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे. तिथे त्यांच्यावर उपचार झाले. अंगात ताकद यावी म्हणून त्यांना पाण्यात पोहायला लावलं. पाय हलत नव्हते, पण हात तर मुष्टियोद्ध्याचे होते. त्या हातांनीच ते पोहायला लागले.

त्यांनी एकच खेळ धरला नाही. १९६८ साली इस्राएल देशात अपंग खेळाडूंचं ऑलिंपिक झालं. त्याला पॅरालिंपिक म्हणतात. तिथे ते टेबल टेनिस खेळले. १९७० साली स्कॉटलंडमध्ये अपंगांच्या राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथे त्यांनी पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्यपदक मिळवलं. परदेशी जायला पैसे लागतात. माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी त्यांना मदत केली.

मग १९७२ साल आलं. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत हायडेलबर्ग गावी पॅरालिंपिक होतं. पेटकर ५० मीटर पोहले ३७.३३ सेकंदांत. तो जागतिक विक्रम झाला आणि सुवर्णपदक मिळालं. पॅरालिंपिकमधलं हे भारताचं पहिलं सुवर्णपदक. ऑलिंपिकमध्ये एकट्या खेळाडूने सुवर्णपदक मिळवायला भारताला २००८ साल उजाडलं. ते अभिनव बिंद्रा यांनी नेमबाजीत मिळवलं. म्हणजे पेटकरांच्या नंतर ३६ वर्षांनी!

मी करून बघितलं

हे सगळं ऐकल्यावर मी आमच्या विहिरीत एक प्रयोग केला. काका काठावर बसले होते. मी पाय अजिबात न हलवता नुसत्या हातांनी पोहायचं ठरवलं. चार हात मारले आणि पाय खाली बुडायला लागले. नाकातोंडात पाणी गेलं. मी घाबरून पाय मारलेच. या काठापासून त्या काठापर्यंत मला जाता आलं नाही. आमची विहीर काही ५० मीटर रुंद नाही. तेव्हा मला कळलं, ३७ सेकंद म्हणजे काय.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या वर्गात एका मित्राचा पाय अधू आहे. गडी वाटून घेताना आम्ही त्याला घेत नाही. तो गुण मांडतो आणि आमच्या चपला राखतो. त्याला पण तेच आवडतं असं मी धरून चाललो होतो. पेटकरांबद्दल त्याला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "तुला खेळायला आवडेल का?" तो म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही." मग आम्ही दोघं खाली बसून गोळाफेकीसारखा दगड फेकायला लागलो. त्याचा दगड माझ्यापेक्षा हातभर पुढे गेला. तीन वेळा गेला.

बाबांना उत्तर

बाबा, पेटकरांचं पोट मुष्टियुद्धाने भरलं नाही. आधी ते लष्कराच्या पगारावर होते. नंतर त्यांनी पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली. मानही फार उशिरा मिळाला. सरकारने त्यांना २०१८ साली पद्मश्री दिली, म्हणजे सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा २०२४ साली आला.

पण अंगात गोळ्या शिरून ते अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना पगाराने उठवलं नाही. रोज सराव करायचा, पडलो तर दहा मोजायच्या आत उठायचं, ही सवय त्यांना होती. ती सवय हौशी मुष्टियुद्धाची कमाई. पाय गेले तरी ती गेली नाही.

म्हणून मी आधी शाळा शिकणार, नोकरी पण करणार, आणि खेळणार पण. येत्या पालक सभेला बाबा शाळेत येतील तेव्हा त्यांनी हे वाचावं, म्हणून मी अक्षर मोठं काढलं आहे.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी