सनद गव्हर्नरची, शिक्का वॉशिंग्टनचा

1832 च्या एप्रिलमध्ये इलिनॉय राज्यातल्या न्यू सेलमच्या स्वयंसेवकांनी आपला कॅप्टन निवडला. मतपेटी नव्हती. ज्याला जो उमेदवार पसंत, तो त्याच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. लांब रांग लागली ती 23 वर्षांच्या अब्राहम लिंकनमागे. त्यानंतर मिळालेल्या कुठल्याही यशाने इतका आनंद दिला नाही, असं त्यांनी 1859 मध्येही लिहून ठेवलं. कवायतीचं ज्ञान मात्र बेताचंच होतं. तुकडी रुंद ओळीत चालत असताना समोर कुंपणाचं अरुंद फाटक आलं आणि हुकूम काही आठवेना. तेव्हा त्यांनी दोन मिनिटांची सुट्टी जाहीर केली आणि फाटकापलीकडे पुन्हा रांग धरायला सांगितलं. ही गोष्ट ते स्वतःच सांगत.

अधिकारी असा निवडण्यात अमेरिकेला काही वावगं वाटत नव्हतं. राज्यघटनेनेच मिलिशियाचे, म्हणजे नागरिकांच्या राखीव सेनेचे, अधिकारी नेमण्याचा हक्क राज्यांकडे ठेवला होता. शिस्तीचे नियम काँग्रेसने घालून द्यायचे, माणसं राज्यांनी निवडायची. 1792 च्या कायद्याने 18 ते 45 वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या नागरिकाला मिलिशियात नाव घालणं बंधनकारक केलं. बंदूक, संगीन, काडतुसं, सगळं ज्याचं त्याने आणायचं. मॅसॅच्युसेट्सच्या 1780 च्या घटनेत तर पूर्ण शिडी आखलेली होती: शिपायांनी लेखी मतांनी कॅप्टन निवडायचा, कॅप्टन आणि त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी रेजिमेंटचे वरिष्ठ निवडायचे, आणि सनद गव्हर्नरने द्यायची. यात तथ्य होतं, असं मला वाटतं. स्वतःची बंदूक घेऊन आलेला शेतकरी परक्याचा हुकूम कशाला ऐकेल? ओळखीच्या, विश्वासाच्या माणसामागे तो जाईल. पण विश्वासातला शेजारी गोळीबारात पलटण सांभाळेलच, असं नाही.

21 जुलै 1861 रोजी, अमेरिकेच्या यादवी युद्धात, बुल रनच्या रणांगणावरून उत्तरेची फौज उधळत वॉशिंग्टनला परतली. दुसऱ्याच दिवशी मंजूर झालेल्या कायद्यात दहावं कलम होतं. सेनापतीने तीन ते पाच अधिकाऱ्यांचं मंडळ नेमायचं आणि स्वयंसेवक पलटणींतल्या कोणत्याही अधिकाऱ्याची कुवत, वर्तन आणि कार्यक्षमता तपासायची. अहवाल प्रतिकूल गेला आणि अध्यक्षांनी तो मान्य केला, की सनद रद्द. ज्याच्या बढतीवर या निकालाचा परिणाम होईल, अशाला मंडळावर बसता येणार नव्हतं. माणसाचा स्वभाव ओळखून घातलेली ही अट मला फार मोलाची वाटते.

मात्र ही परीक्षा पदावर बसलेल्यांची होती. पदाआधीची कडक परीक्षा आली 1863 मध्ये, कृष्णवर्णीय पलटणींसाठी. जनरल सायलस केसी यांच्या वॉशिंग्टनमधल्या मंडळासारखी मंडळं उमेदवारांना व्यूहरचना, लष्करी नियम, अंकगणित, भूगोल, इतिहास असं सगळं विचारत. दहातले जवळपास चार नापास होत. फिलाडेल्फियात तयारीसाठी मोफत शाळाही निघाली. गोऱ्या पलटणींपेक्षा काळ्या पलटणींचे अधिकारी जास्त पारखून घेतले जात होते. पण हे उमेदवार जवळजवळ सगळे गोरेच होते. ज्या शिपायांसाठी इतकी पारख चालली होती, त्यांच्यातल्याला ते दार जवळपास बंदच होतं.

स्टीफन स्वेल्स त्या दाराशी उभा राहिला. तो 54 व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटमधला कृष्णवर्णीय सार्जंट. फेब्रुवारी 1864 मध्ये फ्लोरिडातल्या ओलस्टीच्या लढाईत तो जखमी झाला. त्याची कामगिरी पाहून गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी मार्चमध्ये त्याला सेकंड लेफ्टनंटची सनद दिली. राज्याचं काम संपलं. पण सनद मिळूनही अधिकारी म्हणून नाव मस्टरवर चढल्याखेरीज ते पद खरं होत नसे, आणि वॉशिंग्टनमधल्या युद्ध खात्याने ते चढवायला नकार दिला. कारण एकच, तो आफ्रिकी वंशाचा. गव्हर्नर आणि रेजिमेंटचे वरिष्ठ पाठपुरावा करत राहिले. अखेर जानेवारी 1865 मध्ये नाव चढलं. युद्धानंतर स्वेल्स दक्षिण कॅरोलायनात स्थायिक झाला, किंगस्ट्रीचा महापौर झाला, राज्याच्या सिनेटवर निवडून गेला. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामीविरुद्ध झटलेल्या ज्या अमेरिकी सज्जनांना अर्पण केलं, त्यांचा विजय आतून किती अडखळत आला, हे त्या दहा महिन्यांत दिसतं.

सनद आणि मान्यता यांच्यातली ही फट पुढे कायद्यातच पक्की झाली. 1903 च्या कायद्याने राज्यांची मिलिशिया नॅशनल गार्डच्या रूपात लष्कराच्या साच्यात आणली. 1916 च्या कायद्याने अधिकाऱ्याला राज्य आणि संघराज्य या दोघांशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली, आणि तीन अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे परीक्षा ठेवली. आजही गव्हर्नर नेमणूक करतो, पण संघराज्याची मान्यता वेगळी घ्यावी लागते. त्या 1916 च्या मंडळाने तीन गोष्टी तपासायच्या होत्या: शरीर, चारित्र्य आणि पेशातलं ज्ञान. स्वेल्सला अडवताना यांतलं एकही कारण पुढे केलेलं नव्हतं.