दीक्षाभूमीला जाऊ, पण लेकरांना घेऊन थांबत थांबत जाऊ

धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच चर्चा सुरू होते. नागपूरला कोण कोण निघालं, कोणत्या गाडीने जायचं, वर्गणी किती, भाकरी कोण बांधणार. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे धुऊन इस्त्री होतात. या गडबडीत एक प्रश्न मात्र मागे राहतो. सोबत जे दीड-दोन वर्षांचं लेकरू आहे, त्याला हा प्रवास झेपेल का?

नंदुरबार ते नागपूर हे अंतर रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे. शहादा, तळोदा, अक्कलकुव्याकडच्या लोकांना आधी एसटीने नंदुरबार गाठावं लागतं. धडगावकडच्या माणसाला तर चांदसैली घाट उतरून यावं लागतं. घरून निघून दीक्षाभूमीवर पाय ठेवेपर्यंत बारा-पंधरा तास सहज जातात. मोठा माणूस एका पायावर उभा राहून ते काढतो. लहान मुलाचं शरीर तसं नसतं. त्याच्या अंगातलं पाणी लवकर कमी होतं, भूक लवकर लागते, आणि तहान लागली हे त्याला सांगता येत नाही.

आमच्याकडून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतून पंचवीस-तीस जण रात्रीच्या गाडीने निघालो होतो. जनरल डबा, पाय ठेवायला जागा नाही. सोबत एका ताईंचं चौदा महिन्यांचं बाळ होतं. भुसावळ सोडल्यावर बाळाला उलटी झाली, मग जुलाब सुरू झाले. आम्ही सगळे म्हणालो, "आता थोडंच राहिलं, नागपूरला पोहोचलो की दवाखान्यात नेऊ." अकोला गेलं, बडनेरा गेलं. वर्धा यायच्या आधी बाळाने दूध ओढणं बंद केलं. डोळे आत गेले होते, मान टाकली होती. तेव्हा कुठे आम्ही घाबरलो आणि वर्ध्याला उतरलो. सलाईन लागलं, बाळ वाचलं. त्याच्या आईला मात्र त्या वर्षी दीक्षाभूमी न पाहताच परत यावं लागलं.

वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर उतरता आलं असतं. पण "सगळ्यांनी एकत्र, एका दमात पोहोचायचं" हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की बाळाच्या तोंडाकडे आम्ही पाहिलंच नाही. तेव्हापासून आम्ही ठरवलं, लहान मुलं असलेली कुटुंबं वेगळ्या वेळापत्रकाने जातील. प्रवासाचे दोन तुकडे करतील, मध्ये मुक्काम करतील.

यात लाजण्यासारखं काही नाही. विमानाने परदेशी जाणारी माणसंसुद्धा लहान मूल सोबत असेल तर वाटेतल्या एखाद्या शहरात उतरून रात्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुढचं विमान धरतात. आपल्याला विमान नाही, पण भुसावळ आहे.

हा नवस नाही

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "त्रास सोसल्याशिवाय काय दर्शन?" त्यांना आम्ही नम्रपणे सांगतो, हा नवस नाही. आपण दीक्षाभूमीला देव पावावा म्हणून जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे लाखो लोकांसह धम्म स्वीकारला, त्या भूमीवर आपण कृतज्ञतेने जातो. आणि धम्म काय सांगतो? सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षं शरीराला उपाशी ठेवून पाहिलं, त्यातून काही हाती लागलं नाही, म्हणून तो मार्ग सोडला. सुजाताची खीर घेतली आणि पुढचं चिंतन केलं. शरीराला छळणं आपल्या मार्गात नाही. मग लेकराच्या शरीराला तरी का छळायचं?

दुसरी एक गोष्ट. मूल लहान म्हटलं की आईनेच घरी थांबायचं, असं आपल्याकडे ठरूनच गेलेलं असतं. पाच-सहा वर्षं एका पाठोपाठ एक लेकरं, आणि तेवढी वर्षं ती बाई नागपूर पाहत नाही. प्रवास तोडून केला तर तीही येऊ शकते. आणि घरी थांबणं गरजेचंच असेल तर एखाद्या वर्षी बापाने थांबावं.

तिकीट कसं काढायचं

रेल्वेच्या नियमाप्रमाणे ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर वाटेत उतरून थांबता येतं. पण पहिला थांबा ५०० किलोमीटर प्रवास झाल्यावरच घेता येतो. भुसावळ त्याच्या खूप आधी, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास येतं. म्हणून नंदुरबार ते भुसावळ आणि भुसावळ ते नागपूर अशी दोन वेगळी तिकिटं काढावीत. पैसे थोडे जास्त लागतात, पण मुक्काम मोकळ्या मनाने करता येतो.

आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे वर्षावास चालू असताना, श्रावण पौर्णिमेच्या आधीच विहारात बसून लहान मुलांच्या कुटुंबांची यादी करावी. भुसावळ ते नागपूर या लांबच्या टप्प्याचं तरी आरक्षण करावंच, आणि आईला खालचा बर्थ मिळेल असं पाहावं. ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. ५ वर्षं पूर्ण झालेल्या पण १२ वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं.

पहिल्या दिवशी सकाळच्या गाडीने दोंडाईचा, अमळनेर, जळगाव करत भुसावळला उतरावं. दुपार आणि रात्र तिथे काढावी. दुसऱ्या दिवशी उजेडात पुढची गाडी धरावी. नागपूरला मुख्य दिवसाच्या एक दिवस आधी पोहोचलं तर गर्दीचा मोठा लोंढा टळतो. परततानाही त्याच रात्री गाडीत चढू नये. थकलेलं मूल परतीच्या प्रवासात जास्त आजारी पडतं.

भुसावळ हे रेल्वेचं गाव. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तिथे नोकरीनिमित्त राहतात. कोणी नसेल तर तिथल्या एखाद्या विहाराच्या कमिटीला आधीच निरोप द्यावा. पक्कं तिकीट असेल तर स्टेशनवरच्या विश्रांतिगृहासाठीही प्रयत्न करता येतो.

थांब्यावर करायची पाच कामं

मुक्काम म्हणजे नुसतं बसून राहणं नाही. आम्ही आयाबायांना पाच कामं सांगतो. एक, बाळाला शांत बसून पोटभर पाजावं किंवा गरम जेवण द्यावं. दोन, लघवी झाली का ते पाहावं. सहा तासांत झाली नसेल तर पाणी कमी पडतंय. तीन, अंग पुसून किंवा आंघोळ घालून कोरडे कपडे घालावेत. चार, बाळाला सपाट जागेवर झोपवावं. मांडीवरची झोप ही पुरी झोप नव्हे. पाच, आईनेही जेवावं, भरपूर पाणी पिऊन पाठ टेकावी, तोवर मूल दुसऱ्याने सांभाळावं.

शिदोरी आणि पाणी

सहा महिन्यांखालच्या बाळाला फक्त आईचं दूध. वरचं पाणी नको, बाटली नको. दर दोन-तीन तासांनी पाजावं. गर्दीत आईला संकोच वाटतो, म्हणून दोन बायांनी साडीचा आडोसा धरावा. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असेल तर तिथे बसून पाजावं.

मोठ्या मुलांसाठी आपल्या खानदेशातल्या दशम्यांसारखी शिदोरी नाही. दुधात भिजवलेल्या कणकेच्या असल्याने मऊ राहतात. पहिल्या दिवसाला त्या पुरतात. दुसऱ्या दिवसासाठी भुसावळला ताजं करून घ्यावं. सोबत केळी घ्यावीत. शेंगदाणे आणि फुटाणे चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात देऊ नयेत. गाडीच्या धक्क्याने दाणा घशात अडकला तर श्वास कोंडतो. उघड्यावरची कापलेली फळं, बर्फाचा गोळा, रंगीत सरबत हे सगळं परतल्यावर. पाणी घरून उकळून, गार करून न्यावं आणि मुक्कामी पुन्हा उकळून भरावं.

जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची, चार-पाच पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून आधीच आणाव्यात. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामं करायचं. अर्धं आज, अर्धं उद्या असं नाही. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, त्यावरच्या मुलाला अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्याने पाजावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू द्यावं. अंगावरचं दूध बंद करू नये. झिंक १४ दिवस द्यायचं असतं. किती द्यायचं ते आशाताईंना विचारून पाकिटावर लिहून घ्यावं. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे जलसंजीवनी नव्हे.

सिकलसेलचं मूल असेल तर

हा भाग सगळ्यांनी नीट वाचावा. सिकलसेल हा आजार सातपुड्यातल्या आदिवासी समाजात आहे, तसाच विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांतही मोठ्या प्रमाणावर आहे. यात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हातपाय, छाती, पोट प्रचंड दुखतं. अंगातलं पाणी कमी होणं, थंडी लागणं, दमणूक आणि ताप यांनी हे दुखणं उसळतं. रात्रीच्या गर्दीच्या प्रवासात या चारही गोष्टी एकत्र येतात.

म्हणून अशा मुलाने एका दमात प्रवास करूच नये. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. चालू गोळ्या दोन-तीन दिवस जास्तीच्या घ्याव्यात, तपासणीचं कार्ड जवळ ठेवावं, दर तासाला पाणी पाजावं. रात्री अंगावर चादर, पायांत मोजे असावेत. ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नये. त्या मुलाला ताप म्हणजे लगेच दवाखाना. ज्या घरात कोणाची तपासणी झालेली नाही, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्यावी. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची असते.

या वर्षी कोणी थांबावं

दीड महिन्याच्या आतलं बाळ, सध्या ताप किंवा जुलाब असलेलं मूल, नुकतंच सिकलसेलचं दुखणं होऊन गेलेलं मूल यांना नेऊ नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित असतं. आपल्या जिल्ह्याला कुपोषणाचं दुःख नवीन नाही. अंगणवाडीताईंकडून दंड मोजून घ्यावा, आणि असं मूल असेल तर आधी उपचार, मग प्रवास. लसीकरणाचं कार्डही पाहावं. विशेषतः ९ महिन्यांची आणि दीड वर्षाच्या सुमाराची गोवर-रुबेलाची लस राहिली असेल तर गर्दीत जाण्यापूर्वी चांगल्या दोन-तीन आठवडे आधी घ्यावी.

पुढच्या स्टेशनवर उतरायचं कधी?

मूल दूध किंवा पाणी घेईना, घेतलेलं सगळं उलटून टाकतंय, झटका आला, गुंगीत आहे, श्वास भराभर चालतोय किंवा छाती आत ओढली जातेय, डोळे खोल गेलेत, शौचात रक्त आहे. यातलं एक जरी दिसलं तरी नागपूरची वाट पाहू नये. गाडीतून १३९ वर फोन करून पुढच्या स्टेशनवर डॉक्टर मागावा. उतरल्यावर १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. सोबत दोन माणसं उतरतील हे निघण्याआधीच ठरलेलं असावं, म्हणजे "आता कोण थांबणार" यात वेळ जात नाही. गर्दीत मूल हरवू नये म्हणून त्याच्या खिशात मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. हरवलंच तर पोलिसांना सांगावं आणि १०९८ वर फोन करावा.

बाबासाहेबांची आणि माता रमाईंची चार लेकरं, रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न, लहानपणीच गेली. त्या घरात दवापाण्याला पैसा नव्हता. आज आपल्याकडे गावात आशाताई आहे, फुकट मिळणारी जलसंजीवनी आहे, एका फोनवर येणारी रुग्णवाहिका आहे. एवढं असताना एका दिवसाच्या घाईपायी लेकरू धोक्यात घालणं आपल्याला शोभत नाही.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक वही उघडा. लहान मुलं असलेल्या घरांची नावं लिहा, भुसावळच्या मुक्कामाची सोय कोण पाहणार ते ठरवा. आमच्या वस्तीची वही उघडली आहे. त्यात वर्ध्याहून परत आलेल्या त्या ताईंचं नाव पहिलं आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.